स्वस्ताईचा हिशेब : १९५० च्या अमेरिकन बाजाराचा एक धडा

जुन्या भावांची यादी हातात पडली की माणूस हळहळतो. आमच्या कापडबाजारात चार जुने व्यापारी एकत्र बसले की हेच चालते. कोणी मलमलच्या थानाचा भाव सांगतो, कोणी सोन्याचा, आणि सगळे मिळून म्हणतात, गेले ते दिवस. अमेरिकेतील लोकांनाही हीच सवय आहे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतरची पंधरा वर्षे तिथले लोक सुबत्तेचा काळ म्हणून आठवतात आणि त्या वेळच्या भावांच्या याद्या आवडीने वाचतात. या याद्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनीही पाहाव्यात. मात्र त्या वाचायच्या कशा, ते आधी समजून घ्यावे लागेल, कारण नुसता आकडा पाहणाऱ्याला भाव कळत नाही.

प्रथम आकडे पाहू. एका डॉलरचे शंभर सेंट होतात. १९५० साली अमेरिकेच्या शहरांत एक पौंड पाव सुमारे १४ सेंटला, डझनभर अंडी ६० सेंटला, एक पौंड लोणी ७३ सेंटला, एक पौंड कॉफी ७९ सेंटला आणि एक गॅलन (पावणेचार लिटरच्या आसपास) पेट्रोल २७ सेंटला मिळत होते. त्या वेळी एका डॉलरला आपले ४ रुपये ७६ पैसे पडत, म्हणजे जुन्या हिशेबाने पावणेपाच रुपये. या दराने डझनभर अंड्यांना पावणेतीन रुपयांहून जास्त होतात. त्या काळी आपल्याकडे ही रक्कम लहान नव्हती. मग तिथे स्वस्ताई होती असे कशावरून म्हणायचे?

इथे मजुरीचा आकडा शेजारी मांडावा लागतो. त्याच वर्षी अमेरिकन कारखान्यातील कामगाराला सरासरी ताशी १ डॉलर ४४ सेंट मिळत होते. आता भागाकार करा. पावासाठी त्याला सहा मिनिटे काम करावे लागे, अंड्यांसाठी पंचवीस मिनिटे, लोण्यासाठी अर्धा तास, कॉफीसाठी तेहतीस मिनिटे आणि गॅलनभर पेट्रोलसाठी अकरा मिनिटे. भाव वाचण्याची खरी रीत ही आहे. आपल्या कारागिराने आजच्या रोजाला कामाच्या तासांनी भागावे आणि डझन अंड्यांना किती मिनिटे पडतात ते काढावे. सत्तर वर्षांपूर्वीचा अमेरिकन कामगार त्याच्या पुढे होता की मागे, हे त्याला कोणत्याही अर्थशास्त्र्याशिवाय समजेल.

याच रीतीने पाहिले की काही वस्तू त्या काळी मुळीच स्वस्त नव्हत्या असे दिसते. आरसीए कंपनीने १९५४ मध्ये आपला पहिला रंगीत टीव्ही बाजारात आणला, त्याची किंमत १००० डॉलर होती. कारखाना कामगाराची आठवड्याची मजुरी तेव्हा सत्तर डॉलरच्या आसपास होती. म्हणजे चौदा आठवडे न खाता-पिता काम केले तर एक टीव्ही. उलट न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउन या वसाहतीत १९४९ साली नवे घर ७,९९० डॉलरला मिळत होते, म्हणजे अडीच वर्षांहून थोड्या जास्त मजुरीत. आज त्या देशाच्या मोठ्या शहरांत इतक्या मजुरीत घर मिळत नाही. तेव्हा सगळेच स्वस्त होते आणि आता सगळेच महाग आहे, हे बोलणे तिथेही खरे नाही आणि इथेही नाही.

भाव बराच काळ जागचा हलला नाही म्हणजे माल टिकून स्वस्त राहिला, असेही समजू नये. कोकाकोलाचे उदाहरण सर्व व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८८६ साली एक ग्लास पाच सेंटला विकला जाई, आणि १९५० उजाडले तरी साडेसहा औंसांची बाटली पाचच सेंटला होती. मध्ये दोन महायुद्धे झाली, साखर महागली, मजुरी कितीतरी पटीने वाढली. याचे एक कारण जुन्या करारात होते. १८९९ साली कंपनीने बाटल्या भरून विकण्याचा हक्क दोन वकिलांना दिला आणि त्यांना लागणारे सरबत कायम एकाच भावाने देण्याचे लिहून दिले. बाटलीचा धंदा फार चालणार नाही असे कंपनीला वाटले होते. तो इतका चालला की कंपनीच अडचणीत आली आणि १९२१ मध्ये वाद मिटवून करार बदलून घ्यावा लागला. दुसरे कारण यंत्राचे होते. नाणे टाकले की बाटली देणारी यंत्रे देशभर उभी होती आणि ती फक्त पाच सेंटचे नाणे घेत. त्यापुढचे नाणे दहा सेंटचे. भाव वाढवायचा तर एकदम दुप्पट करावा लागणार! शेवटी १९५३ मध्ये कंपनीने सरकारला साडेसात सेंटचे नाणे पाडण्याची विनंती केली. सरकारने ती मानली नाही. १९५९ पर्यंत पाच सेंटची बाटली बाजारातून गेली. माल देताना भाव कायमचा लिहून देऊ नये, हे आमच्या वडीलधाऱ्यांना कोणत्याही कंपनीच्या इतिहासाशिवाय ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

आता मजुरीच्या आकड्याकडे पुन्हा पाहू. ताशी १ डॉलर ४४ सेंट ही कारखान्यातील सरासरी होती. कायद्याने ठरवलेली किमान मजुरी जानेवारी १९५० पासून ताशी ७५ सेंट झाली, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे या कायद्याच्या बाहेर होते. या दोन्ही कामांत काळ्या लोकांचा भरणा मोठा होता. त्या वर्षी गोऱ्येतर कुटुंबांचे मधले उत्पन्न गोऱ्या कुटुंबांच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त होते. म्हणजे गोऱ्याला सहा मिनिटांत पडणारा पाव दुसऱ्याच्या घरात दहा-बारा मिनिटांना पडत होता. लेव्हिटाउनचे ते स्वस्त घर तर काळ्या माणसाला पूर्ण पैसे मोजूनही मिळत नव्हते. ही घरे गोऱ्यांखेरीज कोणाला वापरू द्यायची नाहीत, असे करारातच लिहिलेले होते.

वुलवर्थची दुकाने पाच आणि दहा सेंटच्या वस्तूंसाठी देशभर प्रसिद्ध होती. तिथे सर्वांना माल मिळे. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर काळ्या गिऱ्हाइकाला बसू देत नसत. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी वुलवर्थमध्ये गेले. त्यांनी आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पावती घेतली आणि मग खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले व कॉफी मागितली. एका काउंटरवर आमचे पैसे चालतात, मग दुसऱ्यावर का चालत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. कॉफी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आणि हे लोण शहराशहरांत गेले. त्या एका दुकानाचे सुमारे दोन लाख डॉलरचे नुकसान झाले, तेव्हा कुठे २५ जुलै १९६० रोजी काउंटर सर्वांना खुला झाला. गल्ल्यात पैसा घ्यायचा आणि माणसाला दारात उभे ठेवायचे, ही तिजारत सहा महिन्यांत महाग पडली.

यापुढचा मुद्दा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो.

चौदा आठवड्यांच्या मजुरीचा टीव्ही लोक घेत कसा होते? फ्रिज, मोटार, फर्निचर घराघरांत आले ते कशाच्या जोरावर? हप्त्यांच्या. १९४५ अखेर अमेरिकन कुटुंबांवर घराचे कर्ज सोडून इतर खरेदीचे व उसनवारीचे कर्ज सहा अब्ज डॉलरच्या आत होते. १९६० अखेर ते छप्पन अब्जांच्या घरात गेले. त्या काळच्या सुबत्तेची छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतला बराचसा माल अजून फिटायचा होता.

हप्त्याचा हिशेब दुकानदार असा सांगत. शंभर डॉलर बाकी आहेत, वर्षाला सहा टक्के, म्हणजे सहा डॉलर. एकूण १०६, बारा हप्ते, दरमहा ८ डॉलर ८३ सेंट. गिऱ्हाइकाला वाटे, सहा टक्के म्हणजे काही फार नाही. पण शंभर डॉलर वर्षभर त्याच्याकडे राहतातच कुठे? पहिल्या महिन्यानंतर मुद्दल कमी होऊ लागते आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम आठ डॉलर उरतात. वर्षभराची सरासरी बाकी काढली तर ती चौपन्न डॉलर येते. चौपन्न डॉलरवर सहा डॉलर म्हणजे अकरा टक्के! बोलायला सहा, घ्यायला अकरा. उर्दू शाळेत आम्हाला गणितात सूद-ए-मुफ्रद आणि सूद-ए-मुरक्कब, म्हणजे सरळ व्याज आणि चक्रवाढ, असे दोन प्रकार शिकवले होते. हा तिसरा प्रकार पुस्तकात नव्हता. आज आपल्या बाजारातही 'फ्लॅट रेट' या नावाने मोटारसायकलीपासून यंत्रमागापर्यंत हाच हिशेब सांगितला जातो. कागदावर सही करण्याआधी सरासरी बाकी काढून पाहावी.

तिथे व्याजावर कायद्याची मर्यादा नव्हती काय? राज्याराज्यांत होती. पण न्यायालयांनी एक वाट मोकळी ठेवली होती. दुकानदाराने एकाच मालाचे दोन भाव सांगितले, रोखीचा एक आणि उधारीचा जास्त, तर मधला फरक व्याज नव्हे, तो भावाचाच भाग आहे, असे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून मानले जात होते. त्यामुळे व्याजाचा कायदा हप्त्याच्या विक्रीला लागू होत नसे.

हे वाचून अनेक बांधव चमकतील, कारण हेच बोलणे आपल्याकडेही ऐकू येते. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त ठेवता येतो, असे बहुसंख्य उलमांचे मत आहे, हे खरे आहे. पण त्याला अटी आहेत. सौदा उठण्यापूर्वी दोघांनी मिळून एकच भाव पक्का केला पाहिजे. हप्ता चुकला म्हणून त्या रकमेवर पुढे एक पैसाही चढता कामा नये. मी आलिम नाही, कापडाचा व्यापारी आहे, म्हणून ज्यांना शंका असेल त्यांनी मुफ्तीसाहेबांकडे जावे. पण दोन्हीकडचे व्यवहार शेजारी ठेवले तर फरक व्यापाऱ्याच्या नजरेला लगेच दिसतो. अमेरिकन दुकानदार हप्त्याचा कागद स्वतःकडे ठेवत नसे. तो दुसऱ्याच दिवशी फायनान्स कंपनीला थोड्या कमी रकमेत विकून टाकी आणि रोकड घेऊन मोकळा होई. माल विकणारा एक आणि पैसे मागणारा दुसराच. फ्रिज आठ दिवसांत बंद पडला तर गिऱ्हाईक म्हणे, मी हप्ता देत नाही. कंपनी म्हणे, फ्रिजशी आमचा संबंध नाही, आम्ही फक्त कागद विकत घेतला आहे. आणि कायदा कंपनीच्या बाजूने होता. ही पळवाट केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने १९७६ मध्ये बंद केली. कर्जाचा कागद कमी दामात विकण्याला आपल्या फुकहांनी का हरकत घेतली, ते समजण्यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण याहून वाईट आहे. राजधानी वॉशिंग्टनमधील एका फर्निचरच्या दुकानातून एक गरीब बाई १९५७ पासून हप्त्यांवर वस्तू घेत होती. तिला सात मुले होती आणि महिन्याला सरकारी मदतीचे २१८ डॉलर एवढेच उत्पन्न होते. १९६२ मध्ये दुकानाने तिला ५१५ डॉलरचा स्टिरिओ विकला. तोपर्यंत तिची मागची बाकी फक्त १६४ डॉलर राहिली होती. हप्ते थकले तेव्हा दुकानाने पाच वर्षांत दिलेला सगळाच माल परत मागितला. छापील करारात बारीक अक्षरांत असे कलम होते की प्रत्येक हप्ता सर्व वस्तूंवर थोडाथोडा वाटला जाईल, म्हणजे शेवटची वस्तू फिटेपर्यंत पहिलीही फिटलेली धरायची नाही. सुमारे १८०० डॉलरच्या खरेदीपैकी १४०० डॉलर तिने भरलेले होते. १९६५ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की इतका एकतर्फी करार न्यायालयाने अंमलात आणलाच पाहिजे असे नाही. खरा वार्षिक दर गिऱ्हाइकाला लेखी सांगण्याची सक्ती करणारा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९६८ मध्ये झाला. तोपर्यंत सुबत्तेचे ते दशक संपून गेले होते.

कार्डांचा जन्मही याच काळातला आहे. १९५० मध्ये निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड महिनाअखेर पूर्ण रक्कम मागे. त्यात गिऱ्हाइकावर व्याज नव्हते, पण हॉटेलवाल्याच्या बिलातून सात टक्के कापले जात. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात एका मोठ्या बँकेने साठ हजार लोकांना न मागता कार्डे टपालाने पाठवली, आणि बाकी ठेवल्यास दरमहा दीड टक्का लावला. शंभरांत चार खाती थकतील असा बँकेचा अंदाज होता. थकली बावीस. तरीही बँकेने धंदा सोडला नाही, आणि तेच कार्ड पुढे व्हिसा झाले. सुदाच्या धंद्याला बुडीत रक्कम सोसते, कारण ती बाकीच्यांकडून वसूल होते. कापडाच्या दुकानाला ती सोसत नाही.

त्याच अमेरिकन दुकानांत एक दुसरीही पद्धत होती, तिला 'ले-अवे' म्हणत. गिऱ्हाइकाने कोट पसंत करावा, थोडी रक्कम द्यावी, दुकानदाराने कोट बाजूला काढून त्यावर नाव लिहून ठेवावा. गिऱ्हाइकाने दर आठवड्याला जमेल ते भरावे आणि रक्कम पूर्ण झाली की कोट घरी न्यावा. यात व्याज नाही, वसुलीचा माणूस नाही, जप्ती नाही. दुकानदाराचा माल अडकतो हे खरे, पण पैसा आधी येतो. १९३० च्या मंदीत ही रीत पसरली आणि पुढेही गरीब घरांतून ईस्टरचे कपडे, नाताळची खेळणी अशीच येत राहिली. आपल्याकडे रमजानच्या दोन-तीन महिने आधी शिवणाऱ्या-विकणाऱ्या दुकानदारांनी ईदच्या कपड्यांसाठी ही सोय ठेवली तर उधारीची वही निम्मी होईल, असे मला वाटते. फक्त गिऱ्हाइकाने बेत बदलला तर भरलेली रक्कम परत द्यायची, हे आधीच बोलून ठेवावे.

आता आपल्याकडून तिकडे गेलेल्या मालाचा एक भाव पाहू आणि थांबू. मद्रासच्या हातमागाची चौकड्यांची सुती कापडे १९५८ च्या सुमारास अमेरिकेत एकाएकी खपू लागली. मुंबईचे निर्यातदार कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर (पुढे लीला हॉटेलांचे संस्थापक) त्याची हकीकत सांगत असत. न्यूयॉर्कचे एक व्यापारी दहा हजार वार कापड एक डॉलर वार या भावाने घेऊन गेले. ब्रूक्स ब्रदर्स या नामांकित दुकानाने त्याचे कपडे करून विकले. रंग वनस्पतींचे होते, ते थंड पाण्यात हलक्या हाताने धुवायला हवेत ही सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाही. यंत्रात धुतल्यावर रंग एकमेकांत उतरले आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग एका मासिकातून त्याच दोषाची जाहिरात झाली : प्रत्येक धुलाईत रंग बदलणारे, हिंदुस्थानचे हाताने विणलेले नवलाचे कापड. रंग सुटण्याची हमी देऊन माल विकला गेला, आणि कॉलेजच्या मुलामुलींत त्याची फॅशन झाली.

जाहिरातीचे कौतुक सगळे करतात. मी भावाकडे पाहतो. एक डॉलर म्हणजे त्या वेळचे पावणेपाच रुपये, आपल्या निर्यातदाराला तो भाव नक्कीच बरा वाटला असेल. १९५८ मध्ये अमेरिकन कारखाना कामगाराची मजुरी ताशी २ डॉलर ११ सेंट होती. म्हणजे त्याच्या हिशेबाने हे हातमागाचे कापड वाराला अठ्ठावीस मिनिटांना पडले. आणि चौकड्यांच्या कापडात रंग बदलला की धोटा बदलावा लागतो, हात थांबतो. सूत रंगवणे, ताणा करणे, कांड्या भरणे हे घरच्या बायका-मुलांचे काम तर बाजूलाच राहिले. नुसता एक वार मागावरून उतरायलाच विणकराला अठ्ठावीस मिनिटांहून जास्त वेळ लागत होता.